आत्याच्या कढईतलं अश्मयुग

कार्तिकात उज्जैनच्या नानाखेडा बसस्टँडवर उतरलं की सगळ्यांत आधी नजरेत भरतो तो शिंगाडा. हातगाड्यांवर त्याचे ढीग लागलेले असतात. एकीकडे नुकते तळ्यातून काढलेले हिरवे-तांबूस, अजून चिखलाचा वास असलेले. दुसरीकडे उकडून काळेभोर झालेले. एकेक दाणा हातात घेऊन बघा, बैलाचं इवलंसं मुंडकंच ते, दोन शिंगांसकट. पाव किलो घ्यावेत आणि सोलत सोलत चालू लागावं, तर आत्याच्या घरी पोचेपर्यंत निम्मे संपतात.

आत्याचं घर म्हणजे उज्जैनमधलं जुनं मराठी घर. शिंद्यांनी १८१० साली आपली राजधानी इथून ग्वाल्हेरला हलवली, पण मराठी घरं काही सगळी हलली नाहीत. त्यामुळे या घरात पोह्यांबरोबर जिलबी असते, दिवाळीला चिवड्याशेजारी चकल्या असतात आणि प्रबोधिनी एकादशीला ‘देवउठनी ग्यारस’ म्हणतात. माळव्यात ही ग्यारस म्हणजे धाकटी दिवाळीच. तुळशीवर उसाचा मांडव, पुढ्यात बोरं, आवळे, रताळी, शिंगाडे.

यंदा मात्र घरात पेच होता. आत्याचा नातू बंगळुरूहून आला होता आणि येताना ‘पॅलिओ’ घेऊन आला होता. पाहुणा नव्हे, आहार. अश्मयुगातला माणूस जे खायचा तेच खायचं.

“म्हणजे काय काय चालत नाही?” आत्यानं विचारलं.

“धान्य नाही आजी, डाळी नाहीत, साखर नाही, गूळही नाही. आणि दूध नाही.”

आत्यानं क्षणभर हिशेब केला. “दूध आणि गोड सोडलं तर बाकी एकादशीच की रे सोन्या! एवढं इंग्रजी नाव कशाला?”

मी हसलो, आणि मग हसायचं थांबलो. कारण खरंच, हे काय आहे? १९८५ साली अमेरिकेत बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी एका वैद्यकीय नियतकालिकात अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला. २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकानं ‘पॅलिओ’ हे नाव घरोघर नेलं. नियम सोपा: शेती सुरू झाल्यावर माणसाच्या ताटात जे आलं ते वगळा. गहू, तांदूळ, डाळी, साखर, सगळं बाद. आणि इकडे आपल्या आज्या-पणज्या कुणाचाही लेख न वाचता महिन्यातून दोनदा गहू, तांदूळ, तूर, हरभरा बाजूला ठेवत आल्या. कारणं अगदी वेगळी, पण वगळलेल्या डब्यांची रांग जवळजवळ तीच!

जवळजवळच, बरं का. उपासाची यादी नीट पाहिली तर तिच्यात गमती आहेत. भगर चालते, जी सरळसरळ गवताचं बी आहे, म्हणजे धान्यच. शेंगदाणा चालतो, जो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं डाळींचा सख्खा भाऊ. नातवानं या दोघांना दारातच अडवलं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाणा ज्याच्या कंदापासून होतो तो टॅपिओका, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. नवे पाहुणे आले, जुन्या बंदीच्या यादीत त्यांची नावं नव्हती, म्हणून ते थेट फराळाच्या ताटात जाऊन बसले. राजगिराही तिकडचाच. मेक्सिकोतले अॅझटेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड चीक मिसळून देवांच्या मूर्ती घडवत आणि त्यांचा प्रसाद खात. आजही तिकडे राजगिऱ्याच्या लाह्यांची गोड वडी मिळते, तिचं नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. आपला राजगिऱ्याचा लाडू तिला पाहून नक्की म्हणेल, ताई, तू इथे कुठे?

असो. प्रश्न गोडाचा होता. सणाला गोड नाही म्हणजे सण नाही, हे आत्याचं मत. आणि साखर नाही, गूळ नाही हा नातवाचा हट्ट. “खजूर चालतो,” तो म्हणाला. आत्याचा चेहरा उजळला. मग काय, साखरेऐवजी खजूर वाटून घालायचा, झालं!

पहिला प्रयोग नारळाच्या वडीचा. खोवलेला नारळ, वाटलेला खजूर, वेलदोडा, कढईत घोटणं सुरू. पाच मिनिटं, दहा, वीस. आत्या ज्या क्षणाची वाट पाहत होती तो क्षण येईना. कडेनं पांढरट बुरशीसारखी साखर दिसू लागते, गोळा कढई सोडतो, तो क्षण. शेवटी थापलं. रात्रभर ठेवलं. सकाळी सुरी घातली तर आत मऊ चिखल. चव उत्तम, पण वडी नव्हे.

असं का व्हावं? इथं साखरेचं खरं गुपित उघडतं. आपल्याला वाटतं साखर गोडीसाठी असते. गोडी हे तिचं दर्शनी काम झालं. ती पडद्याआड आणखी तीन-चार कामं करत असते.

नारळाच्या वडीत साखर गवंड्याचं काम करते. पाकातलं पाणी आटत जातं तसे साखरेचे कण एकमेकांना शोधू लागतात. हे सगळे एकाच मापाचे, एकाच घडणीचे, भट्टीतून निघालेल्या एकसारख्या विटांसारखे. म्हणून ते पटापट रांगेत लागतात, रांगेवर रांग, थरावर थर, आणि स्फटिक होतो. आत्या घोटते तेव्हा ती या विटांना एकमेकांवर आपटवत असते. जितकं घोटावं तितके स्फटिक बारीक आणि वडी खुसखुशीत. ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी खडे, वाळू. हाच शब्द फिरत फिरत अरबांकडे ‘सुक्कर’ झाला आणि युरोपभर पसरला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा अशी पायरीपायरीनं यादी आहे. रसाचा खडा करायची विद्या आपण किती आधी मुरवली होती पाहा! आणि आता आपल्याच घरात तो खडा नको म्हणतायत.

खजुरात मग काय बिघडलं? साखर तर त्यातही भरपूर. वाळलेल्या खजुराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग साखरच असतो. पण खजूर पिकताना त्याच्या आत एक विकर, म्हणजे एन्झाइम, कात्री घेऊन बसलेलं असतं. ते साखरेच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे करतं: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. बहुतेक मऊ खजुरांत ही कापाकापी जवळजवळ पूर्ण झालेली असते. आता विटा दोन वेगवेगळ्या मापांच्या झाल्या. रांग लावायला जावं तर मध्येच भलत्या आकाराची वीट आडवी येते. भिंत उभी राहणार कशी? त्यात फ्रुक्टोज पाण्याला असं घट्ट धरून ठेवतं की ते सुटायचं नावच घेत नाही. म्हणून खजूर महिनोन्‌महिने मऊ राहतो आणि म्हणूनच आत्याची वडी बसली नाही.

गंमत म्हणजे हीच युक्ती चौकातला जिलबीवाला रोज मुद्दाम करतो. पाकात तो लिंबू पिळतो, आठवतं? का? तर पाकाची साखर व्हायला नको, तार मोकळी राहावी. लिंबाचं आम्ल गरम पाकात साखरेच्या थोड्या रेणूंचे तेच दोन तुकडे करतं. जे खजूर झाडावर आठवडे लावून करतो, ते हलवाई लिंबाच्या फोडीनं आटोपतो.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं. मग बसवणारा दुसरा कोणीतरी शोध.”

तो दुसरा कोणीतरी माझ्या हातातल्या पुड्यात होता.

शिंगाड्याचं पीठ! वाळवलेला शिंगाडा दळला की मिळतं ते बहुतांशी पिष्ट. या पिष्टाचे कण म्हणजे गच्च गुंडाळलेले सुताचे गुंडे समजा. थंड पाण्यात ते ढिम्म हलत नाहीत, तळाशी जाऊन बसतात. पण पाणी तापलं, सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास आलं, की गुंडे फुगू लागतात, सुटू लागतात, धागे बाहेर पडतात, आणि दोन मिनिटांपूर्वी पातळ असलेलं मिश्रण एकाएकी पळीला चिकटू लागतं. तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी मला जादूच वाटते. पाणी कुठेही गेलेलं नसतं! ते तिथंच असतं, धाग्यांच्या जाळ्यात अडकलेलं. आणि मग ताट गार होताना हे धागे पुन्हा एकमेकांना बिलगतात, फुगडीत हात घट्ट धरावेत तसे. वडी बसते, आणि साखरेचा एक स्फटिकही न लागता.

एक वाटी पीठ, थोड्या तुपात खमंग भाजलेलं. (तुपाबद्दल या पॅलिओवाल्यांत दोन पंथ आहेत, दुधाचं म्हणून काहींना वर्ज्य, तर लोण्यातला दुधाचा बाकी अंश कढवताना निघून गेला म्हणून काहींना चालतं. नातू सुदैवानं दुसऱ्या पंथाचा निघाला.) तीन वाट्या नारळाचं दूध, पाऊण वाटी वाटलेला खजूर, वेलदोडा, जायफळ, चिमूटभर मीठ. ढवळत राहायचं, हात थांबवायचा नाही. कारण खजुरातल्या त्या कापलेल्या साखरा आणखी एक खोडी करतात: साध्या साखरेपेक्षा त्या फार लवकर तांबूस होतात. साखर कोरडी जाळून तिचा कॅरॅमल करायला दीडशे अंशांच्या वर जावं लागतं. ग्लुकोज-फ्रुक्टोज मात्र त्याच्या पुष्कळ आधी पिठातल्या प्रथिनांच्या तुकड्यांशी सूत जुळवतात आणि रंग, वास यांची आतषबाजी सुरू होते. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, तळलेला कांदा, सगळ्यांच्या खमंगपणामागे हीच घडामोड. वेळेवर उतरवलं तर वडीला खवा भाजल्यासारखा वास येतो. अर्धा मिनिट उशीर, की कढई खाली लागली.

ताट दोन तासांत बसलं. सुरी फिरली. चौकोनी, तुकतुकीत, तपकिरी वड्या. नातवानं एक तोंडात टाकली, मग दुसरी, आणि विजयी मुद्रेनं म्हणाला, “शंभर टक्के पॅलिओ!”

आता खरी गोष्ट ऐका. तो म्हणाला ते त्याला वाटत होतं त्याहून कितीतरी जास्त खरं होतं.

इस्रायलमध्ये, यार्देन नदीच्या खोऱ्यात, गेशेर बनोत याकोव नावाची जागा आहे. एका जुन्या सरोवराच्या काठी, पाण्याखाली दडून राहिल्यामुळे तिथं एरवी कधीच टिकत नाहीत अशा वस्तू टिकल्या: लाकूड, बिया, टरफलं. वय सुमारे ७ लाख ८० हजार वर्षं. आपली जात, होमो सेपियन्स, फार तर तीन लाख वर्षांची. म्हणजे तिथं जेवत होते ते आपले फार फार आधीचे पूर्वज. खाचा पडलेल्या दगडांवर ठेवून ते कठीण कवचाची फळं फोडत. कोणती फळं? रानबदाम, पिस्ते, ओकची फळं, आणि शिंगाडा. होय, तोच, शिंगंवाला! हातगाडीवरचा! आणि त्याच्या जोडीला आणखी एक काटेरी पाणवनस्पती, यूरिअॅली फेरॉक्स. हे नाव परकं वाटलं का? मग आत्याच्या फडताळातला तिसरा डबा उघडा. ती मखाण्याची वनस्पती आहे.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी किराणा दुकानात उपासाच्या फळीपुढे नुसता उभा राहिलो होतो. शिंगाड्याचं पीठ आणि मखाणे, शेजारी शेजारी, पावणेआठ लाख वर्षांनी पुन्हा एकाच फळीवर!

आणि यातही कडी अशी, की त्या काळचे लोक तळ्याच्या तळाशी बसलेल्या या बिया काढत कशा असतील, फोडत कशा असतील, हे समजून घ्यायला संशोधकांनी पाहिलं कुठं? बिहारकडे. कारण तिथं आजही माणसं पाण्यात बुडी मारून चिखलातून मखाण्याचं बी गोळा करतात, वाळवतात, तापवतात आणि गरम असतानाच त्यावर लाकडी मोगरीचा घाव घालतात. आतली वाफ एका क्षणात सुटते आणि काळ्या गोटीतून पांढरी शुभ्र लाही उडी मारते. ती लाही आत्यानं नारळाच्या दुधात टाकली, दोन खजूर चुरडून, वर बदामाचे काप. खीर झाली. हिच्यात अश्मयुगाबाहेरचं एवढंच, की ती स्टीलच्या पातेल्यात होती.

एक कबुली मात्र द्यायला हवी, नाहीतर नातवाचं फारच फावेल. त्याच सरोवराकाठच्या दगडी हत्यारांवर पिष्टाचे सूक्ष्म कणही सापडले आहेत. त्यांत शिंगाडा आहे, ओकचं फळ आहे, आणि रानगवताचे दाणे आणि कडधान्यंही आहेत. म्हणजे अश्मयुगातला माणूस धान्याला आणि डाळीला शिवत नव्हता असं मुळीच नाही. मिळेल ते खायचा. पॅलिओ हा आहार आधुनिक माणसानं आखलेला उपास आहे. एकादशीला निदान आपण उपास आहोत हे ठाऊक असतं.

या सगळ्यावर उज्जैनचा हक्क तसाही आहे. अश्मयुगाला मध्य भारतात पत्ता मिळवून देणारा माणूस याच गावातला. विष्णू श्रीधर वाकणकर, सगळ्यांचे हरिभाऊ. १९५७ साली ते आगगाडीनं भोपाळकडे निघाले होते. खिडकीतून त्यांना खडकांच्या काही रचना दिसल्या, युरोपातल्या गुहांसारख्या वाटल्या, आणि ते तिकडे वळले. ती भीमबेटका. आत रंगवलेली हरणं, नाचणारी माणसं, शिकारी. खाली जमिनीत दगडी हत्यारांचे थरावर थर. २००३ साली ती जागा जागतिक वारसा झाली. पुढे दक्षिणेला पचमढीच्या डोंगरांतल्या शैलचित्रांत माणसं मधाची पोळी काढताना दिसतात, भोवती माश्यांचे ठिपके घोंगावतायत. गोडासाठी माणूस कुठवर चढतो याचा इतका जुना पुरावा भिंतीवर रंगवून ठेवलेला!

बरं, खजूरही नको म्हणाल तर? मधुमेह असलेल्यांनी खजुराला ‘बिनसाखरेचा’ समजून ताव मारू नयेच. तंतू आहेत, खनिजं आहेत, पण साखर ती साखरच. आत्याच्या शेजारणीला साखरेचा त्रास, म्हणून तिच्यासाठी आम्ही रताळ्याकडे वळलो. इथं गोडी बाहेरून घालावी लागत नाही, ती आतल्या आत घडते. पण एक लक्षात ठेवा, तीसुद्धा शेवटी साखरच, म्हणून तिला दिल्या त्या दोनच फोडी.

एकाच ढिगातली दोन रताळी घेतली. एक मायक्रोवेव्हमध्ये, चार मिनिटं. दुसरं लोखंडी कढईत, झाकण लावून, अगदी मंद आचेवर तासभर. पहिलं शिजलं, पण फिकं, बटाट्याचा चुलतभाऊ. दुसऱ्याच्या सालीतून मधासारखा चिकट थेंब बाहेर आला होता! वरून काहीच घातलेलं नाही. झालं काय? रताळ्यात पिष्टाचे धागे कापून माल्टोज ही साखर बनवणारं विकर आधीपासूनच असतं. पण कच्च्या पिष्टाच्या गुंड्यात त्याची कात्री शिरत नाही. साठ ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान एक खिडकी उघडते: पिष्ट सुटायला लागलेलं आणि विकर अजून जिवंत. त्यापुढे तापलं की विकर मरतं, खिडकी बंद. मायक्रोवेव्ह ही खिडकी धावत ओलांडतो. मंद आच तिथं पाय पसरून बसते. महाशिवरात्रीला निखाऱ्यावर रताळी भाजणाऱ्या आजीला हे आकडे ठाऊक नव्हते, घाई करायची नाही एवढं ठाऊक होतं.

आणि गरम गरम वाढायचं, हेही. जिभेवरच्या गोडाच्या पेशींत निरोप पुढे ढकलणारं एक दार असतं, ते उबेत जास्त उघडतं. तोच शिरा गरम असताना गोड लागतो आणि गार झाला की मिळमिळीत. तेच आइस्क्रीम वितळलं की नको इतकं गोड. म्हणजे उबेनं वाढलं तर गोड कमी घालून भागतं. वेलदोडा-जायफळही इथं फसवाफसवीला मदत करतात. त्यांच्यात गोडी नाही, पण आपल्या मेंदूनं जन्मभर हा वास खिरीबरोबरच घेतलेला, त्यामुळे वास आला की गोड आलंच असं तो धरून चालतो. आत्याचं मांजर मात्र या कशालाच बधलं नाही. बधणार कसं? मांजरांच्या कुळात गोडाची चव ओळखणारं जनुकच मोडून पडलेलं आहे. सगळ्या घरात खरा बिनसाखरेचा प्राणी तो एकच.

टिकण्याचं काय, हा प्रश्न आत्याचा. साखर वडीतलं पाणी बांधून ठेवते, जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून साखरेची वडी पंधरा दिवस राहते. शिंगाड्याच्या वडीत पाणी भरपूर आणि मोकळं. दोन दिवस, तेही फ्रीजमध्ये. बंगळुरूला डबा न्यायचा तर खजूर, तीळ, सुकं खोबरं, बदाम यांचे लाडू, ज्यांच्यात मोकळं पाणी फारसं नसतंच. ते तिनं केलेही, आणि डब्याच्या कडेला कोणाला दिसू नये असे चार बेसनाचे.

संध्याकाळी तुळशीपुढे दिवे लागले. चार उभे ऊस, वर एकमेकांत अडकवलेली पानं, खाली शिंगाड्याच्या वड्यांचा नैवेद्य. दुसऱ्या दिवशी मांडव उतरवला तेव्हा नातवानं एक कांडं मोडून घेतलं, पायरीवर बसला आणि थेट दातांनी सोलायला लागला. रस कोपरापर्यंत.

“काय रे,” आत्या दारातून म्हणाली, “ही साखर नव्हे का?”

त्याचं तोंड भरलेलं होतं.